लटका मासा

पाहुणे येणार असले की आमच्या घरी चमचे मोजून ठेवतात आणि पाहुणे गेले की पुन्हा मोजतात. यावरून कोणी राग मानू नये. संशय पाहुण्यांवर नसून यजमानांवर आहे. गेल्या बारा वर्षांत आमच्या स्वयंपाकघरातून स्टीलचे अठरा चमचे, दोन चहाच्या गाळण्या आणि एक काथवटीएवढा जुना पत्रा इतका ऐवज नाहीसा झाला. या सर्व वस्तूंचे पुढे काय झाले हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक आहे. त्यांचे मासे झाले. देव्हाऱ्यातली आचमनाची पितळी पळी तेवढी शाबूत आहे, कारण सौभाग्यवती पूजा आटोपली की ती कपाटात ठेवून कुलूप लावतात.

मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. सकाळी वर्गात ज्ञानेश्वरी शिकवायची आणि संध्याकाळी गच्चीवर बसून चमच्याला भोक पाडायचे, हा माझा दिनक्रम शेजाऱ्यांना विसंगत वाटतो. प्राध्यापकाला छंद असावा, पण तो टपाल तिकिटांचा, किंवा फार तर गुलाबांचा. मासे धरणे हेच सभ्य छंदांच्या यादीत जरा खालच्या ओळीत येते. त्यातून माशांना फसवण्यासाठी घरी बसून खोटे मासे तयार करणे म्हणजे शुद्ध कारस्थान. तरीही या कारस्थानात जे हाती लागते ते सांगण्याजोगे आहे, म्हणून यंदा फराळाच्या ताटाशेजारी हाच विषय मांडतो.

गळाने मासे धरण्याची आपली रीत सर्वांच्या परिचयाची आहे. एक काठी, काठीला तंगूस, तंगुसाला तरंगण्यासाठी ज्वारीच्या ताटाचा तुकडा, शेवटी गळ, आणि गळाला गांडूळ. आमच्याकडे त्याला काडू म्हणतात. काडू नसला तर कणकेची गोळी. हे झाले खरे आमिष. यात मासा फसतो हे कबूल, पण निदान त्याच्या तोंडात पडते ते खाण्याजोगे असते. दुसरी रीत याहून कपटी. तिच्यात खाण्याजोगे काहीच नसते. लाकडाचा, पत्र्याचा किंवा रबराचा तुकडा पाण्यातून असा ओढायचा की मोठ्या माशाला तो लहान मासा वाटावा आणि त्याने त्यावर झडप घालावी. इंग्रजीत याला ल्युअर म्हणतात, दुकानदार ‘डुप्लिकेट मासा’ म्हणतात. मराठीच्या मास्तराला दोन्ही शब्द कसे रुचावेत? म्हणून मी आपला संतांच्या घरचा शब्द घेतला: लटका. लटका म्हणजे खोटा. शिवाय दोरीला लटकतो म्हणूनही तो लटकाच.

एरवी आपल्या भाषेची गळाशी सोयरीक जुनी आहे. जेवायला राहण्याची आपण गळ घालतो, निवडणुकीत आमिषे दाखवली जातात, मोठे गिऱ्हाईक गळाला लागते. आकाशकंदिलाला चिकटवतो त्या चकचकीत बेगडावरून ‘बेगडी’ हे विशेषण आले आणि माणसांना चिकटले. मात्र एवढे सगळे शब्द असूनही जिथे फसवणूक हीच कारागिरी आहे त्या वस्तूला नाव नव्हते.

चमच्यापासून आरंभ करतो, कारण हा धंदा जगातही चमच्यापासूनच वाढला. अमेरिकेत व्हरमाँट प्रांतात ज्युलिओ ब्यूएल नावाचा एक गृहस्थ होता. नावेत बसून खाताना त्याच्या हातून चमचा तळ्यात पडला आणि बुडता बुडता चकाकणाऱ्या त्या चमच्यावर एका माशाने झडप घातली, असे सांगतात. गोष्ट किती खरी ते तो आणि तो मासा जाणे. पण १८५२ साली ब्यूएलने चमच्यासारख्या गळाचे पेटंट घेतले हे खरे. पुढे हा चमचा हिंदुस्थानात आला. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्‍री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक मंगळूरहून प्रसिद्ध केले. आपल्या नद्यांतल्या महाशीर माशाचे त्यांना विलक्षण वेड होते.

चमच्याचा मासा करणे सोपे. दांडा कापून टाकायचा, वाटीच्या दोन्ही टोकांना भोके पाडायची, एकीकडे कडी घालून तंगूस बांधायचा, दुसरीकडे गळ अडकवायचा. ओढताना पाणी वाटीच्या बाकावरून घसरते, चमचा एकदा डावीकडे कलतो, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी उजेडाचा एक कवडसा फेकतो. खरी गंमत पुढे आहे. वाटीचा बाक हातोडीने जरा वाढवला तर चमचा रुंद झोके घेतो पण हळू ओढावा लागतो. बाक कमी केला तर तो घाईघाईने थरथरतो आणि खोल जातो. दोन पैशांएवढा फरक केला की चाल बदलते. एकाच डझनातले सहा चमचे घेऊन सहा स्वभावाचे मासे करता येतात. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, “अहो, सहा स्वभावांची माणसे सांभाळायची तर सहा चमचे घरात शिल्लक हवेत.”

माझे बालपण साताऱ्याचे आणि नोकरी सांगलीची. दोन्ही गावांना एकच कृष्णा, पण पाणी एक नाही. संगम माहुलीला वेण्णा येऊन मिळते तिथे कार्तिकानंतर पाणी निवळते, तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतके. नदी खडकांतून वाहते, तिला घाई असते. तिथे लहान आणि चकचकीत मासा चालतो, कारण तिथले मासे डोळ्यांनी पाहतात. सांगलीला येईतो नदीला वय झालेले असते. काळ्या मातीचे गढूळ पाणी, बंधाऱ्यांनी तुंबलेले, संथ. आयर्विन पुलावरून खाली पाहिले तर हातभर खोलीवरचे काही दिसत नाही. अशा पाण्यात चकचकाटाचा काय उपयोग?

पण माशाला डोळ्यांखेरीज आणखी एक इंद्रिय असते. त्याच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. या रेघेत पाण्याची हालचाल टिपणारी सूक्ष्म छिद्रे असतात. काळोखातही जवळून दुसरा मासा गेला की त्याचे शेपूट हलल्याचे या रेघेला कळते. म्हणून सांगलीचा लटका मासा दिसायला कसाही असला तरी चालेल, त्याने पाणी हलवले पाहिजे. मी त्याच्या पोटात पेनाचे टोपण बसवतो आणि टोपणात सायकलच्या बेअरिंगमधले दोन छर्रे ठेवतो. ओढले की खुळखुळा वाजतो. रंगाविषयीही येथे एक सांगण्याजोगे. पाण्यात खोल जाताना तांबडा रंग सर्वांत आधी विझतो. वरून लालभडक दिसणारा मासा खाली काळपट दिसतो. दुकानातले पुष्कळसे रंग माशांसाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतात हे त्यामुळे ध्यानात येते.

लाकडाचा मासा करायचा तर लाकूड हलके हवे. सावंतवाडीची खेळणी पूर्वी ज्याची होत त्या पांगाऱ्याचे लाकूड यासाठी उत्तम. ते चाकूने लोण्यासारखे कापले जाते. अंगठ्याएवढा तुकडा घ्यायचा, माशाच्या आकारात तासायचा, पॉलिश कागदाने घासायचा. त्याच्या आरपार एक मजबूत तार हवी, नाहीतर मोठा मासा लाकूड फोडून गळासकट पसार होतो. ही तार मला मिरजेला मिळते. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे आपण वाचले असेलच. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या स्वर काढत आले आहेत. त्यांच्यापैकी एका वृद्ध कारागिराकडे पोलादी तारांचे तुटके तुकडे असतात. मी ते मागितले तेव्हा त्यांनी कशासाठी म्हणून विचारले. मी सांगितले. ते क्षणभर थांबून म्हणाले, “घेऊन जा, सर. षड्जात होती, आता गाळात जाऊ दे.”

तारेनंतर वजन. पोटाच्या खालच्या अंगाला खाच करून त्यात थोडे वजन बसवायचे, म्हणजे मासा पोट खाली आणि पाठ वर असा उभा राहतो. वजन कमी पडले तर तो कुशीवर पडतो, जास्त झाले तर मुडद्यासारखा ओढला जातो. लोक यासाठी शिसे वापरतात. मी पितळी स्क्रूचा तुकडा वापरतो. शिसे पाण्यात पडते, दाणा समजून पक्षी ते गिळतात आणि मरतात. इंग्लंडात राजहंस असे मरू लागले, तेव्हा १९८७ साली गळाची शिशाची वजने विकायला तिथे बंदी आली. आपल्या नदीवर राजहंस नसतील, पण बदके आहेत, आणि बगळ्यांनी आपले काय घोडे मारले आहे?

मग जीभ. माशाच्या हनुवटीखाली पारदर्शक पातळ चकती तिरपी बसवतात, तिला मी जीभ म्हणतो. कॅसेटच्या जुन्या डबीचे प्लॅस्टिक त्यासाठी छान. जीभ उभी बसवली तर मासा पृष्ठाजवळ राहून जोरात डोलतो. लांब आणि आडवी बसवली तर पाण्यात सूर मारतो. चकाकीसाठी अंगावर आकाशकंदिलाचा बेगड चिकटवायचा, चहाच्या गाळणीची जाळी त्यावर धरून रंग फवारायचा, म्हणजे हुबेहूब खवले उमटतात. वरून नखांच्या रंगाचे बिनरंगी हात तीनदा. पाणी आत शिरले की लाकूड फुगते आणि इतक्या दिवसांचे सोंग उघडे पडते.

शेवटी परीक्षा. ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत होते. मासा ओढताना डावीकडे पळत असेल तर नाकाची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वळवायची, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. आमची कन्या अभियांत्रिकीला आहे. ती या प्रकाराला संतुलन म्हणते आणि वहीत बाण काढून दाखवते. मी त्याला माशाचे नाक धरून कान पिळणे म्हणतो. दोघांचे उत्तर एकच येते.

मरळ माशासाठी मात्र वेगळी युक्ती. मरळ वनस्पती माजलेल्या उथळ पाण्यात राहते, हवा घ्यायला वर येते आणि बेडकावर तिचा फार जीव. जुन्या हवाई चपलेच्या रबराचा बेडूक कापायचा, मागे रबराचे दोन पाय लोंबते ठेवायचे आणि दोन गळांची टोके पाठीला टेकून वर वळवायची, म्हणजे शेवाळात अडकत नाहीत. बेडूक पानावरून टुणटुण ओढत आणायचा. पाणी फुटल्याचा आवाज आला तरी लगेच झटका द्यायचा नाही, एक श्वास थांबायचे. ज्या हंगामात मरळीभोवती तांबड्या पिलांचा घोळका दिसतो त्या हंगामात चप्पल पायातच ठेवायची. मरळ पिलांची राखण करते. त्या वेळी ती भुकेने धावून येत नाही, आईबापाच्या रागाने येते. तिला तेव्हा धरणे म्हणजे सगळा घोळका अनाथ करणे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. तिथे मला एक वृद्ध भोई भेटतात. सर्व जण त्यांना आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. सत्तरी उलटलेली, सारा जन्म नदीवर गेलेला. एकदा मी एका मोठ्या शहरातून आणलेला विकतचा मासा त्यांना दाखवला. डोळे, खवले, कल्ले सगळे चित्रासारखे. पाण्यात तो सरळ, ऐटीत, तीरासारखा जाई. आण्णांनी तो दोनदा ओढून पाहिला.

“मास्तर, ह्यो लई देखणा हाय,” ते म्हणाले. “पर ह्याच्या मागं कोण लागणार?”

“का हो, आण्णा?”

“ह्यो धडधाकट पळतोय. धडधाकटाच्या मागं पळून दम कोण घालवंल? पोट भरायचं तर लंगडा बघाय लागतोय.”

त्या संध्याकाळी मी पक्कड काढली. त्या देखण्या माशाची जीभ एका बाजूने जराशी घासली, पोटातले वजन शेपटीकडे सरकवले. आता तो चार हात सरळ गेला की एकदा अडखळे, कुशीवर कलून पांढरे पोट दाखवी आणि पुन्हा सावरे. आण्णांनी पाहिले आणि मान डोलावली. “आता आजारी दिसतोय.” त्यानंतर त्या माशावर शिंगाळा आला, मरळही आली.

हे ऐकून कोणाला वाटेल की ही अडाणी माणसाची अटकळ. पण फिनलंडमध्ये लौरी रापाला नावाचा एक गरीब मच्छीमार होता. तळ्यावर नाव वल्हवताना त्याने नेमके हेच पाहिले: लहान माशांचा थवा जातो तेव्हा मोठा मासा सगळे सोडून जो जरा वाकडा चालतो त्याच्यावर तुटून पडतो. १९३६ साली त्याने चांभाराच्या चाकूने बुचाचा मासा कोरला. रंगासाठी पैसे नव्हते, म्हणून चॉकलेटची चांदी लावली आणि वर फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. त्या माशाचे सारे वैशिष्ट्य त्याच्या वाकड्या चालीत होते. पुढे त्याच्या नावाची कंपनी जगभर गेली. रापाला आणि आमचे आण्णा यांच्यामध्ये हजारो मैल आणि तीन-चार भाषा आहेत. पण दोघांनी एकाच वर्गात शिक्षण घेतले.

लटका मासा करताना पहिली कळणारी गोष्ट ही: खोटे करायला आधी खरे माहीत असावे लागते, आणि तेही खोडींसकट. मासा कसा दिसतो हे चित्रात मिळते. तो कसा दुखावतो, कसा दमतो, कोणत्या ऋतूत कोणते पिल्लू किती बोटे लांब असते, हे नदीपाशी बसल्याशिवाय मिळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी कथालेखनाविषयी सांगताना हा दाखला देतो. निर्दोष नायकाच्या मागे वाचकही धावत नाही.

ही विद्या आपल्या प्रदेशाला नवी आहे असे समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कृष्णाकाठचा हा मुलूख तेव्हा त्याच्याच राज्यात होता. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ओवीसाठी ठाऊक असतो. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख त्यात आहे, आणि आम्ही तो दरवर्षी परीक्षेत विचारतो. पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे हे आम्ही वर्गात सांगत नाही. दोरी कशी वळावी, कोणता मासा कुठे राहतो, पीठ, पेंड, भात, मांस यांपैकी कोणाला काय आवडते, हे सर्व राजाने लिहून ठेवले आहे. १९५१ साली डॉ. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी त्यावर अभ्यासलेख लिहिला. ओवी आणि गळ एकाच पोथीत नांदतात याचा मला फार आनंद वाटतो. माझ्या घरी ते दोन्ही नांदत आहेतच, जरा कुरबुरीने.

राजाने एक गोष्ट केली तिचे महत्त्व मला आण्णांमुळे कळले. त्याने माशांची नावे लिहून ठेवली. मीही लटके मासे करू लागल्यावर त्यांना कोणत्या खऱ्या माशाचे रूप द्यावे हे आण्णांना विचारू लागलो. चांदीच्या पात्यासारखा लांबट, पृष्ठाजवळ थव्याने फिरतो तो अळकूट. रुंद अंगाचा तो कोळस. नाकाडावर खोल खाच असलेला तो नुकटा. आण्णा सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. आणि लिहिता लिहिता मला काही आठवले.

१८२४ ते १८३१ या काळात विल्यम हेन्‍री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी मुंबई सरकारचे आकडे गोळा करीत दख्खनभर फिरत होता. फिरता फिरता त्याने नद्यांतले मासे जमवले आणि १८३९ साली त्यांची वर्णने प्रसिद्ध झाली. नवे नाव ठेवायचे तर शास्त्रज्ञ ग्रीक-लॅटिन शोधतात. साइक्सने बऱ्याच ठिकाणी कोळी-भोयांना विचारले आणि त्यांचाच शब्द लॅटिनच्या पंगतीला बसवला. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय नाव आजही टॉर खुद्री आहे. कोलस, नुक्ता, पोटेल, सीन्घाला, अल्कूटी: ही सगळी त्याने दिलेली नावे, म्हणजे खरे तर मराठी नद्यांवरच्या माणसांनी दिलेली. लंडनच्या संग्रहालयात नुक्ता म्हटले की कळते. सांगलीच्या मंडईत कळेल का?

आण्णांचा नातू कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. हुशार, कष्टाळू मुलगा. मी त्याला आजोबांच्या जाळ्यातले मासे ओळखायला सांगितले. “ही चिलापी, सर. आणि ही बाकीची.” दोष त्याचा नाही. जाळ्यात खरोखरीच तेवढेच होते. चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता जिथे जावे तिथे तीच. तिच्या जोडीला आफ्रिकी मांगूर. त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी असूनही तो नद्यांत पोहोचला आहे. त्यातून उन्हाळ्यात पाणी अडते, वरून सांडपाणी येते, पाण्यातला प्राणवायू संपतो. २०२३ साली सांगलीजवळ कृष्णेच्या पृष्ठावर मेलेल्या माशांचा थर तरंगला तो शहराने पाहिला. त्या दिवशी लटके मासे आणि खरे मासे यांच्यात फरक राहिला नव्हता. दोन्ही हलत नव्हते.

आण्णा एकदा मला म्हणाले, “तुमाला घावला न्हाई तर तुमी घरला जाऊन पिठलं-भाकरी खाणार. आमाला घावला न्हाई तर आमी बी पिठलं-भाकरीच खातोय, मास्तर. पर उद्याची बी तीच.” माझ्या छंदावर इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही. तेव्हापासून माझे काही नेम आहेत. ज्या डोहात भोयांची जाळी आहेत तिथे गळ टाकायचा नाही. धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थांकडे असतो, तिथे त्यांना विचारल्याशिवाय बसायचे नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे लहान मासा इजा न होता सोडता येतो. पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ, तेव्हा घरातच बसून मासे कोरायचे. आपल्या वाडवडिलांनी श्रावणात मासे वर्ज्य केले त्याला हिशेबाचे हेही एक अंग आहे.

महाडजवळ वाळण कोंड नावाचा डोह आहे. तिथल्या महाशीरांना लोक देवीचे मासे मानतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीराची पिल्ले वाढवली जात आहेत. श्रद्धेने एक डोह वाचतो, शास्त्राने एक जात वाचते. पण नावे? ती तर बोलणाऱ्या तोंडांनीच वाचायची.

म्हणून हल्ली मी एक करतो. लटका मासा पुरा झाला की वार्निशचा शेवटचा हात देण्याआधी त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत, ज्याचे रूप घेतले त्याचे नाव लिहितो. अळकूट. कोळस. शिंगाळा. वाम. आमच्या चिवड्याच्या जुन्या डब्यात अशी एक छोटी डिक्शनरी जमली आहे. वर्गातली मुले तो डबा हाताळतात, मासे पाहून हसतात आणि हसता हसता पोटावरचे नाव वाचतात. एका शब्दाचे आयुष्य वाढायला एवढे पुरते असा माझा अनुभव आहे. ‘अळकूट’ हा शब्द सध्या आमच्या कॉलेजात एका उंच, किडकिडीत मुलाचे टोपणनाव म्हणून सुखाने नांदतो आहे.

दिवाळी संपल्यावर आकाशकंदील उतरवाल तेव्हा त्याचा बेगड टाकून देऊ नका. एखादा वाकलेला चमचा, हवाई चपलेचा तुटका तळ घरात असेलच. मुलांना घेऊन बसा, गळ न लावताही मासा कोरता येतो आणि टाकीत ओढून पाहता येतो. मग जवळच्या नदीवर जा आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा कोणासारखा दिसतो? तो जे नाव सांगेल ते लिहून ठेवा. वेळ फार नाही. अशी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत.

माझ्या डब्यात आज एकेचाळीस मासे आहेत. नुकट्याचा मासा राहिला आहे. जगाच्या पाठीवरच्या धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. आण्णांनी मला त्याचे वर्णन चार वेळा सांगितले, बोटाने वाळूत चित्र काढून दाखवले; पण त्याचे पिल्लू पाण्यात कसे चालते, कुठे अडखळते, हे पाहिल्याशिवाय तो कोरता येणार नाही. आण्णा म्हणतात, वर जाऊन बघा, वारणेच्या अंगाला अजून असेल. पांगाऱ्याचा एक तुकडा मी त्यासाठी बाजूला काढून ठेवला आहे. पाणी आता निवळू लागले आहे. पाडवा झाला की निघेन म्हणतो.